एका तेलाच्या डब्याची महागाई

२०२२च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही वडापावच्या गाडीवर एक दृश्य सर्रास दिसायचं. तेलाचा पंधरा किलोचा डबा संपला की तो लगेच भंगारात जात नसे. कोपऱ्याला भोक पाडलेला तो डबा पातेल्यावर तिरका, पालथा टेकवून ठेवत. रात्रभर निथळून सकाळी त्यातून जे वाटीभर तेल मिळे, तेही कढईत जाई. आधी एवढी काटकसर कोणी करत नव्हतं. दोन वर्षांत डब्याची किंमत जवळपास दुप्पट झाली होती. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मे महिन्यात २,३०० रुपयांच्या वर गेला होता. बेसन, पाव, बटाटा आणि ते आणणाऱ्या टेम्पोचं भाडं, सगळंच चढलं होतं.

गाडीवाल्याने आधी बारा रुपयांचा दर तसाच ठेवला आणि वडा लहान केला. मग सुकी चटणी मागितल्याशिवाय देणं बंद केलं. बारा रुपये तीस पैसे असा दर लावता येत नाही, म्हणून कित्येक महिने तो स्वतःच्या मजुरीतून फरक भरत राहिला. शेवटी एक दिवस पाटीवरचे बारा खोडून पंधरा लिहिले. गिऱ्हाइकाला ती एका दिवसात झालेली पंचवीस टक्के वाढ वाटली. गाडीवाल्याच्या दृष्टीने ती वर्षभर अंगावर काढलेल्या दुखण्याची उशिरा झालेली कबुली होती.

हे असं का झालं, याची दोन उत्तरं त्या काळात सगळीकडे ऐकू येत होती. पहिलं उत्तर: युक्रेनचं युद्ध. दुसरं उत्तर: करोनाकाळात सरकारांनी वारेमाप पैसा वाटला. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं अशी आहेत की ती दिली की पुढे विचारायचं काही उरत नाही. युद्ध आपल्या हातात नाही आणि अमेरिकेची तिजोरीही नाही. मग महागाई म्हणजे गारपिटीसारखी आभाळातून पडलेली गोष्ट ठरते. प्रत्यक्षात टंचाई जगात कुठेतरी निर्माण होते आणि तिथून गल्लीतल्या कढईपर्यंत ती अनेक हातांतून येते. प्रत्येक हात आपला भार पुढच्याकडे सरकवतो. ज्याला सरकवता येतं तो वाचतो, काही जण तर त्यावर कमावतात. ज्याच्या पुढे सरकवायला कोणीच नसतं, त्याच्या अंगावर सगळं येऊन थांबतं. त्या काळातल्या महागाईचा हिशोब या साखळीवरून मांडायला हवा, आणि त्यासाठी तेलाच्या डब्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी साठ टक्क्यांच्या आसपास तेल परदेशातून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं युक्रेन आणि रशियातून. आता तारखा पाहाव्यात. रशियाने युक्रेनवर हल्ला केला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. मलेशियाच्या बाजारात पामतेलाचा भाव मे २०२०मध्ये टनाला दोन हजार रिंगिटच्या आसपास होता आणि २०२१ संपताना तो साडेचार हजारांच्या वर होता. म्हणजे पहिला तोफगोळा पडण्याआधीच भाव दुपटीहून अधिक झाला होता. भारत सरकारही २०२१मध्ये तेलावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवत होतं आणि ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घालत होतं. डबा युद्धापूर्वीच महागला होता.

महागला कशामुळे? पामच्या बागेत फळांचे घड हाताने काढावे लागतात. लांब काठीला कोयता बांधून, पंधरा-वीस किलोचा घड वरून पाडायचा आणि उचलून गाडीपर्यंत न्यायचा. मलेशियात हे काम मुख्यतः इंडोनेशिया आणि बांगलादेशातून आलेले मजूर करतात. करोनात सीमा बंद झाल्या, मुदत संपलेले मजूर घरी गेले आणि नवे येईनात. झाडांवर फळं पिकून खाली पडून सडत होती आणि तोडायला माणूस नव्हता. २०२१मधलं मलेशियाचं उत्पादन कित्येक वर्षांतलं नीचांकी ठरलं. त्याच वेळी इंडोनेशियाने आपल्या डिझेलमध्ये तीस टक्के पामतेलापासून बनवलेलं इंधन मिसळायचं धोरण लागू केलेलं होतं, म्हणजे कढईच्या तेलावर ट्रकच्या टाकीचाही हक्क लागला. दक्षिण अमेरिकेत दुष्काळाने सोयाबीनचं पीक मारलं. दोन खंडांतल्या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच डब्यात येऊन पडल्या.

पैसा वाटल्याचा मुद्दा इथेच तपासून घ्यावा. अमेरिकेने मार्च २०२०मध्ये २.२ लाख कोटी डॉलरचं आणि मार्च २०२१मध्ये १.९ लाख कोटी डॉलरचं साहाय्य जाहीर केलं. घरात अडकलेली माणसं सिनेमा, हॉटेल, प्रवास यांवर खर्च करू शकत नव्हती. ती फ्रिज, सायकली, लॅपटॉप, फर्निचर मागवू लागली. खर्चाचा सगळा ओघ सेवांकडून वस्तूंकडे वळला आणि तो एकाच चिंचोळ्या दरवाजातून जाऊ लागला, तो म्हणजे आशियातून निघणारे कंटेनर. मार्च २०२१मध्ये चारशे मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं, तेव्हा हा दरवाजा किती चिंचोळा आहे ते सगळ्या जगाला दिसलं. चाळीस फुटी कंटेनरचं भाडं करोनापूर्वी दीड हजार डॉलरच्या आसपास असायचं. सप्टेंबर २०२१मध्ये ते दहा हजारांच्या पुढे गेलं. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांबाहेर शंभराहून अधिक जहाजं नांगर टाकून उभी होती. जून २०२२मध्ये अमेरिकेतला महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. तिथे सरकारी पैशाचा वाटा मोठा होता, हे मान्यच करायला हवं.

पण भारतात असं काही घडलं नव्हतं. इथे घरोघरी हजारो डॉलरचे धनादेश पोहोचले नव्हते. बहुतेक कुटुंबांनी टाळेबंदीत शिल्लक मोडली, दागिने गहाण टाकले, मजूर पायी गावाकडे निघाले. लोकांच्या हाती जास्त पैसा आला म्हणून इथे वडापाव महागला, असं म्हणणं त्या लोकांवर अन्याय करणारं आहे. अमेरिकेच्या मागणीने चढलेलं जहाजभाडं मात्र न्हावाशेवा बंदरावर उतरणाऱ्या मालालाही भरावं लागलं. मागणी त्यांची, बिलाचा हिस्सा आपलाही.

मग युद्ध आलं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली. जगात निर्यात होणाऱ्या सूर्यफूल तेलापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या युक्रेनचं होतं आणि गव्हाच्या निर्यातीत रशिया-युक्रेनचा मिळून वाटा तीस टक्क्यांच्या घरात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नपदार्थांच्या किमतींचा निर्देशांक मार्च २०२२मध्ये १५९.७ या तोवरच्या उच्चांकावर गेला. त्याच महिन्यात पामतेल सात हजार रिंगिटच्या पुढे होतं. सूर्यफूल मिळत नाही म्हटल्यावर सगळे पामकडे आणि सोयाबीनकडे धावले. मुंबई-पुण्यात सूर्यफूल तेलाची लिटरची पिशवी दोनशे रुपयांना टेकली.

टंचाई ही जेवढी मालाची असते तेवढीच भीतीची असते. इंडोनेशिया हा जगातला सर्वांत मोठा पामतेल उत्पादक. तिथे तेलाची कमतरता नव्हतीच. पण देशात भाव भडकले, निदर्शनं झाली आणि सरकारने २८ एप्रिल २०२२पासून पामतेलाची निर्यातच बंद केली. साडेतीन आठवड्यांत ती बंदी उठवावी लागली, कारण टाक्या भरून वाहू लागल्या आणि फळं विकत घ्यायला कारखाने तयार होईनात. तिथला छोटा बागायतदार रडकुंडीला आला. भारतानेही तेच केलं. १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च महिना त्याच वर्षी आला, उत्तरेत गव्हाचा दाणा भरायच्या आधीच करपला आणि जगाला गहू पुरवायची भाषा करणाऱ्या देशाने १३ मे रोजी निर्यात थांबवली. प्रत्येक देशाचं पाऊल त्याच्यापुरतं समजण्यासारखं होतं. सगळ्यांनी मिळून उचललं तेव्हा जगाच्या बाजारात माल आणखी आटला. गहू आणि तेल आयात करणाऱ्या गरीब देशांची काय अवस्था झाली हे श्रीलंकेवरून कळतं. परकीय चलन संपलेल्या त्या बेटावर सप्टेंबर २०२२मध्ये महागाई जवळपास सत्तर टक्क्यांवर होती.

इथवरचा हिशोब टंचाईचा झाला. इथून पुढचा हिशोब वाटणीचा आहे, आणि तो बोलून दाखवायला फारसं कोणी तयार नसतं.

डिझेलपासून सुरुवात करू, कारण गाडीवाल्याचा बटाटा, पाव आणि तेल सगळं त्याच्यावरच येतं. एप्रिल २०२०मध्ये जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं. अमेरिकेतल्या वायदे बाजारात तर २० एप्रिलला भाव शून्याखाली गेला. ही स्वस्ताई भारतातल्या पंपापर्यंत पोहोचली नाही. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढवला. त्यानंतर डिझेलवरचा केंद्राचा कर लिटरला ३१ रुपये ८३ पैसे झाला. राज्याचा व्हॅट त्याच्या वर. टाळेबंदीत बुडालेला महसूल भरून काढायला सरकारकडे दुसरा सोपा मार्ग नव्हता, हे खरं. पण मग कच्चं तेल पुन्हा चढलं तेव्हा हा कर त्याच्या जागीच होता. ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली तेव्हा युद्धाचा मागमूसही नव्हता. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२मध्ये कर उतरवला गेला, पण तोवर ट्रकचं भाडं वाढून बसलं होतं, आणि वाढलेलं भाडं सहसा खाली येत नाही. नोव्हेंबरमधल्या त्या कपातीनंतर, पाच राज्यांच्या निवडणुका पार पडेपर्यंत, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पंपावरचे दर साडेचार महिने हललेही नाहीत. मग दोन आठवड्यांत दहा रुपयांनी वाढले. ६ एप्रिलला मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे होतं. भाववाढ जगाच्या बाजारात होती, पण ती ग्राहकाच्या खिशापर्यंत कधी पोहोचायची याचं वेळापत्रक देशातच ठरत होतं.

उतरतानाचं वेळापत्रकही देशातलंच. युद्धापूर्वी भारत रशियाकडून दोन टक्क्यांहून कमी तेल घेत होता. वर्षभरात रशिया भारताचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला, आणि तेही सवलतीच्या दराने. मार्च २०२३मध्ये कच्चं तेल पिंपाला पंचाहत्तर डॉलरच्या आसपास उतरलं होतं. मुंबईतलं पेट्रोल मात्र जुलै २०२२पासून मार्च २०२४पर्यंत १०६ रुपये ३१ पैशांवरच खिळून होतं. सरकारी तेल कंपन्यांनी २०२२मध्ये तोटा सोसला होता, तो भरून निघणं रास्त होतं. पण २०२३-२४मध्ये तिन्ही मोठ्या सरकारी कंपन्यांचा मिळून नफा ८० हजार कोटींच्या वर गेला. तोटा भरून निघाल्यावरचा पैसा कोणाचा, हा प्रश्न टेम्पोवाल्याने विचारला तर त्याला उत्तर मिळायला हवं.

नफ्याचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करू. किंमत वाढते तेव्हा ती कुठेतरी कोणाचं तरी उत्पन्न होते. २०२२मध्ये ‘मर्स्क’ या डॅनिश जहाज कंपनीचा नफा २९ अब्ज डॉलर होता आणि ‘एक्झॉन मोबिल’चा ५५ अब्जांच्या वर, दोन्ही आकडे त्या कंपन्यांच्या इतिहासातले विक्रम. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी जून २०२३मध्ये युरोपचा अभ्यास करून सांगितलं की, आधीच्या दोन वर्षांतल्या तिथल्या महागाईत जवळपास निम्मा वाटा कंपन्यांच्या वाढलेल्या नफ्याचा होता. नाणेनिधी ही काही डाव्या चळवळीची संघटना नव्हे. भारतात रिझर्व्ह बँकेचे माजी उपगव्हर्नर विरल आचार्य यांनी २०२३मध्येच असाच मुद्दा मांडला: काही क्षेत्रांत मूठभर मोठ्या उद्योगसमूहांची पकड इतकी घट्ट झाली आहे की त्यांना किंमत ठरवण्याची ताकद मिळाली आहे, आणि महागाई रेंगाळण्यात त्याचा हात आहे. त्यावर वाद झाले, व्हायलाही हवेत. पण वाद घालताना पाच रुपयांचा बिस्किटपुडा हातात धरून बघावा. किंमत तीच, पुडा हलका. पामतेल चढलं म्हणून बिस्किटं कमी झाली. पामतेल सप्टेंबर २०२२पर्यंत निम्म्यावर आलं, तेव्हा कमी झालेली बिस्किटं काही परत पुड्यात आली नाहीत.

मोठ्या कंपनीला हे जमतं, कारण तिच्याकडे जाहिरात असते, साठा असतो, वर्षाचे करार असतात, आणि टाळेबंदीत बंद पडलेल्या लहान स्पर्धकांची रिकामी जागा असते. गाडीवाल्याला जमत नाही. वीस पावलांवर दुसरी गाडी उभी असते आणि समोरचं गिऱ्हाईक त्याच्याइतकंच ओढग्रस्त असतं.

आता उपायाकडे. भारतातला महागाईचा दर एप्रिल २०२२मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. कायद्याने रिझर्व्ह बँकेला तो चार टक्क्यांवर, फार तर दोन टक्के वरखाली, ठेवायची जबाबदारी दिलेली आहे. सलग तीन तिमाही तो सहाच्या वर राहिला, तर बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची असतात. २०२२मध्ये तशी वेळ पहिल्यांदाच आली. ३ नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं, आणि सरकारने ते जाहीर केलं नाही. महागाईची झळ बसलेल्या लोकांना तिची अधिकृत कारणं वाचायला मिळाली नाहीत, ही गोष्ट लोकशाहीत खटकायलाच हवी.

बँकेच्या हाती मुख्य हत्यार एकच: व्याजदर. ४ मे २०२२ला तिने रेपो दर चार टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो साडेसहावर नेला. व्याज वाढवून युक्रेनमध्ये सूर्यफूल उगवत नाही. बँकेचं म्हणणं असं की, लोकांना महागाई कायमची वाटू लागली की प्रत्येक जण आधीच दर वाढवून ठेवतो, ती साखळी तोडायला हवी. हे म्हणणं चुकीचं नाही; तुर्कस्तानने उलट वाट धरून व्याज कमी केलं आणि ऑक्टोबर २०२२मध्ये तिथली महागाई पंच्याऐंशी टक्के झाली. पण औषध कोणाला पाजलं जातं तेही पाहावं. पंचवीस लाखांचं वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलेल्या पिंपरीतल्या कामगाराचा हप्ता, व्याज अडीच टक्क्यांनी वाढल्यावर, एकोणीस हजारांवरून तेवीस हजारांच्या जवळ जातो. किंवा हप्ता तोच राहून कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे जाते. ज्याने महागाई आणली नाही त्यानेच आधी महाग तेल घ्यायचं आणि मग महाग हप्ताही भरायचा.

आणि हे सगळं चालू असताना लातूरच्या मोंढ्यात काय घडत होतं?

तेलाच्या महागाईत मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाचं भलं व्हायला हवं होतं, कारण ज्या मालाची जगात ओरड होती तोच त्याच्या शेतात होता. ऑगस्ट २०२१मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. पण त्या वेळी शेतकऱ्याच्या घरात माल नव्हता; पेरलेलं पीक शेतात उभं होतं. त्याच महिन्यात कोंबडीखाद्याच्या धंद्याच्या मागणीवरून सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयातीला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये नवा माल पोत्यांतून मोंढ्यात उतरू लागला, तेव्हा अडत्याने मुठीत दाणे घेऊन, दाताखाली चावून ओलावा जास्त असल्याचं सांगितलं आणि भाव पाच हजारांच्या आसपास निघाला. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क त्याच महिन्यात शून्यावर आलं. डिसेंबरमध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बाजार नियामक ‘सेबी’ने बंद केले. मे २०२२मध्ये दरसाल २० लाख टन सोयातेल आणि तितकंच सूर्यफूल तेल दोन वर्षं बिनशुल्क आणायची मुभा मिळाली. यातला एकेक निर्णय शहरातल्या कढईसाठी होता, आणि शहरातल्या गरिबाला स्वस्त तेल मिळावं यात गैर काहीच नाही. पण सरकारला स्वतःचा कर उतरवून, गरिबाला रेशनवर तेल देऊन किंवा शेतकऱ्याला भावातला फरक देऊनही हे करता आलं असतं. निवडला गेला तो मार्ग शेतमालाचा भाव पाडण्याचा.

शेतकऱ्याचा खर्च मात्र जगाच्या भावाने चढला. डीएपी खताची गोणी बाराशेवरून साडेतेराशे झाली, आणि तीही केंद्राने खतांच्या अनुदानावर २०२२-२३मध्ये अडीच लाख कोटींच्या आसपास रक्कम ओतल्यानंतर. डिझेल वाढल्यामुळे नांगरटीचं आणि मळणीचं भाडं वाढलं, मजुरी वाढली. सोयाबीन उलट उतरत गेलं. २०२४च्या शरदात हमीभाव ४,८९२ रुपये असताना महाराष्ट्रातल्या बाजारांत ते चार हजारांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून खाली विकलं जात होतं.

तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. १४ सप्टेंबर २०२४पासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के करण्यात आलं. तेलाचा डबा तत्काळ महागला. सोयाबीन तरीही हमीभावाला टेकलं नाही, कारण तेल काढून उरलेल्या पेंडीला जगात उठाव नव्हता. आठ महिन्यांनी, ३० मे २०२५ रोजी, हे शुल्क पुन्हा खाली आणून साडेसोळा टक्के केलं गेलं. लातूर-वाशीमचा शेतकरी त्या आठवड्यात बियाण्याच्या पिशव्या घेत होता, घरात गेल्या हंगामातली न विकलेली पोती भिंतीला लावून ठेवलेली. आणि गाडीवरच्या पाटीवर पंधराचे वीस झाले होते.